कुंभकोणम्‌ची पेठ आणि गोविंदपुरम्‌चा अभंग

कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरात आदिकुंभेश्वराच्या दर्शनास जाणारी वाट बाजारातूनच जाते. मंदिराकडे नेणाऱ्या लांबलचक स्तंभमार्गाच्या दोन्ही अंगांस दुकाने थाटलेली दिसतात. बारा वर्षांनी महामहम् पर्वणी येते, तेव्हा तर देव आणि देवघेव यांतील अंतर उरतच नाही. पितळी समया, विड्याची पाने, रेशमी वस्त्रे आणि वाफाळलेली कॉफी यांसाठी ही पेठ प्रसिद्ध आहे.

1676 च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तंजावरास भोसल्यांची सत्ता स्थापिली आणि हे तीर्थक्षेत्रही त्या राज्यात आले. 1855 मध्ये दुसऱ्या शिवाजी राजांच्या निधनानंतर ते राज्य कंपनी सरकारने खालसा केले. महाराष्ट्रातून येणारा प्रवासी आजही बृहदीश्वराच्या मंदिरातील 1803 चा मराठी शिलालेख पाहतो, सरस्वती महालातील मोडी कागदांविषयी ऐकतो आणि हळहळत परततो. राज्य गेले, तेव्हा सारेच गेले, असे त्यास वाटते. पेठेत थोडे रेंगाळले, तर हा समज टिकत नाही.

प्रथम अन्नाचा विचार करावा. सांबार तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात प्रथम शिजले, ही कथा रुचकर असली, तरी ती आख्यायिकाच होय. राजांची छत्रे मात्र इतिहास आहेत. दुसऱ्या सरफोजी राजांनी 1802 मध्ये ओरत्तनाड येथे मुक्तांबेच्या नावाने छत्र उभारले. अशा छत्रांतून रामेश्वराच्या यात्रेकरूंस निवारा आणि अन्न मिळत असे.

करमणुकीची कथा याहून बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची धाटणी उचलली आणि तीतून तमिळ हरिकथा घडविली. चिपळ्यांच्या साथीने साकी, दिंडी, ओवी आणि अभंग तमिळ श्रोत्यांच्या कानी पडू लागले. निरूपण हा शब्दही त्यांच्यासमवेत तेथे रुजला.

कुंभकोणम्‌हून पूर्वेस, तिरुभुवनम्‌च्या रेशीमवाल्यांचे गाव ओलांडून गेले, की गोविंदपुरम् लागते. नाममहिमा सांगणारे बोधेंद्र सरस्वती 1692 मध्ये येथे समाधिस्थ झाले. पुढे मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी नामसंकीर्तनाची पद्धती बांधून दिली, आणि त्या भजनपरंपरेत मराठी अभंगास मानाचे स्थान लाभले. 2011 मध्ये याच गावी विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले. घरी तमिळ बोलणारी माणसे तेथे तुकोबांचे अभंग तल्लीन होऊन गातात.

राजाज्ञेने लादलेले असते, तर हे सारे 1855 मध्येच संपले असते. ते लोकांनी आपखुशीने घेतले आणि आपल्या सुरात बसविले. म्हणून खजिना आणि शिक्का गेल्यावरही ते उरले. त्या भूमीतील मराठीची खरी मिळकत हीच होय, आणि ती आज ज्यांच्या स्वाधीन आहे, त्यांची मातृभाषा मराठी नाही, हे महाराष्ट्राने कृतज्ञतेने ध्यानी ठेवावे.