दिनविशेष : ७ जुलै
पॅरिस, २०२४. डायमंड लीगमधली ३००० मीटर स्टीपलचेस संपली तेव्हा अविनाश साबळे सहावा होता. घड्याळात मात्र ८ मिनिटं ९.९१ सेकंद, म्हणजे नवा राष्ट्रीय विक्रम! जुना ८:११.२० हादेखील त्याचाच, २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतला. तिथं सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदानं हुकलं होतं.

साबळे मांडव्याचा. हे गाव बीडच्या आष्टी तालुक्यातलं.

डायमंड लीग ही २०१०पासून दरवर्षी देशोदेशी भरणारी साखळी. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि सात पाणउड्या. ओले बूट घेऊनच पुढं पळायचं.

त्या शर्यतीनंतर महिन्याभरात पॅरिसमध्येच साबळे या शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. महिलांत साताऱ्याच्या ललिता बाबरनं ते २०१६मध्येच करून दाखवलं होतं.