बेगम बाजारातील तीन पोती

हैदराबादचा बेगम बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथील गर्दीचे वर्णन करून सांगावयास नको. मुसी नदीच्या उत्तरेस वसलेल्या या घाऊक पेठेची जागा दुसरे आसफजाह निजाम अली खान यांच्या पत्नी हुमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांस दिली, म्हणून पेठेस हे नाव पडले, असे सांगतात. मसाले, सुका मेवा आणि भांडी यांच्या या राज्यात आम्ही मध्यंतरी कॉफीचे दाणे घेण्यास गेलो. दुकानदाराने तीन पोती दाखविली : प्लांटेशन, चेरी आणि रोबस्टा. ही कोणकोणत्या गावची, असे आम्ही विचारताच तो हसला आणि ही गावांची नावेच नव्हेत, असे म्हणाला. प्रश्न चुकीचा विचारला की साक्षीदार हसतो, हा आमचा न्यायालयातील अनुभव येथेही खरा ठरला.

कॉफीच्या बाबतीत गावाचे नाव हा पुरावा खरा, पण अपुरा. ‘मोखा’ हे नाव जगभर गाजले. परंतु मोखा हे येमेनचे बंदर. कॉफी पिके ती त्यामागच्या डोंगरांवर. ज्या गावी एक झाड नाही, त्याचे नाव पिकास लागले; कारण माल तेथून जहाजावर चढे. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्यास ‘बुंद’ म्हणत, तो शब्दही अरबी ‘बुन्न’ याचाच वंशज होय. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी साधूने हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. ते डोंगर आज त्याच्याच नावाने ओळखले जातात.

आता त्या तीन पोत्यांकडे वळू. पहिल्या दोहोंत एकाच जातीची, म्हणजे अरेबिकाची, कॉफी होती. उंच व थंड जागी हिचे फळ सावकाश पिकते आणि दाणा घट्ट भरतो. पिकलेले फळ सोलून, त्यावरचा चिकट गर हौदात आंबवून, धुऊन दाणा वाळविला की ती ‘प्लांटेशन’. तिला स्वच्छ सुगंध आणि किंचित आंबूस तजेला असतो. तेच फळ न सोलता अख्खे उन्हात वाळविले की ती ‘चेरी’. ती चवीला अधिक जड व गोडसर. एकाच झाडाची ही दोन लेकरे केवळ संगोपनाने वेगळी झाली. रोबस्टा मात्र जातीनेच निराळी. ती कमी उंचीवर पिकते, रोगास सहसा दाद देत नाही, आणि तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने कडूपणाही अधिक.

या इतिहासात १८६९ हे साल दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या साली सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला, आणि पुढे तेथील मळे उद्ध्वस्त होऊन त्यांची जागा चहाने घेतली. आपल्याकडील मळेवाल्यांनाही या रोगामुळे नव्या वाणांचा शोध घ्यावा लागला. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने तयार केलेला एस. ७९५ हा वाण त्याच धडपडीचे फळ.

त्याच १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. आमच्या मंगळूरकडील कोकणी वाचकांस पुढची हकीकत जवळची वाटेल. पूर्वी पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेस वळसा घालून युरोपात पोहोचेपर्यंत महिनेच्या महिने समुद्राच्या दमट हवेत राही. दाणा फुगे, हिरवा रंग जाऊन पिवळट होई, आंबटपणा मावळे. तिकडच्या गिऱ्हाइकांस हीच खरी चव वाटू लागली होती. प्रवास आखूड झाला आणि ती चव नाहीशी झाली! तेव्हा किनाऱ्यावरच्या वखारींत उन्हात वाळविलेली कॉफी पसरून, जून ते सप्टेंबरचे पावसाळी वारे तिला मुद्दाम पाजण्याची रीत पडली. तीच ‘मॉन्सून्ड मलबार’. प्रवासात घडलेली नासाडी पुढे कारागिरी ठरली.

मग नावाचा मालक कोण? १९४२ च्या कॉफी कायद्यानंतर मळेवाल्यास आपला माल मंडळाच्या सामाईक साठ्यात द्यावा लागे. दर्जाप्रमाणे गुण मिळत. पण मळ्याचे नाव पोत्याबरोबर टिकत नसे. हे बंधन १९९६ पर्यंत क्रमाक्रमाने सुटले. १९९९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्याने नावास संरक्षण दिले, आणि २०१९ मध्ये कूर्ग, वायनाड, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व अरकू खोरे येथील कॉफीस मानांकन मिळाले. अरकूच्या आदिवासी शेतकऱ्याचे श्रम असे कागदावर आले, याचा आम्हास आनंद आहे. तथापि कायदा राखतो ते नाव. चव राखावी लागते ती हातांनीच. कच्चे-पिके फळ एकत्र तोडले, हौदात दाणा जास्त आंबला, वाळविताना पावसात भिजला, तर मानांकनाचा दाखला चहाटळपणाने कपाकडे पाहत राहील.

महाराष्ट्रातही कॉफीचे एक ठिकाण आहे : अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा. १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन तेथे पोहोचला, असे नमूद आहे. आणि वऱ्हाडावर निजामाचा नाममात्र हक्क विसाव्या शतकापर्यंत चालत होता. बेगम बाजारात चिखलदऱ्याची कॉफी मागणे म्हणूनच आम्हास अप्रस्तुत वाटले नाही. दुकानदाराने ते नावच ऐकले नव्हते. सुमारे अकराशे मीटरांची उंची आहे, झाड आहे. नाव व्हावयास वर्षानुवर्षांची एकसारखी तोडणी, धुणे आणि वाळवण लागते.

आम्ही प्लांटेशनचे दाणे घेतले. पोत्याशेजारीच हिंगाचा डबा उघडा होता, आणि कच्चा दाणा शेजारचा वास पटकन उचलतो. ते सांगताच दुकानदाराने डब्यास झाकण घातले. डोंगरावर सुरू झालेल्या कामाचा शेवटचा हात त्याचाच होता.