ट्रंकेत सापडलेलं आजोबांचं विदेशी पिस्तूल: ते नेमकं कुठलं, आणि ठेवता येतं का?

जुना वाडा उतरवायला घेतला की माळ्यावरून काय काय निघतं. तांब्याची घंगाळं, मोडीतले कागद, पितळी अडकित्ता, पणजोबांचा फेटा. आणि एखाद्या घरात ट्रंकेच्या तळाशी, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं, तळहाताएवढं पिस्तूल. त्यावरची अक्षरं मराठी नाहीत, इंग्रजीही नाहीत. मग फोटो निघतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातो आणि कुणीतरी लिहितं, "अँटिक आहे, लाखात जाईल. शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही."

यातलं दुसरं वाक्य चुकीचं आहे. त्याच्या भरवशावर राहिलं तर तुरुंगाची वेळ येऊ शकते.

कागलसारख्या गावात अशी पिस्तुलं येतात कुठून?

कागल ही कोल्हापूर संस्थानातली घाटगे घराण्याची जहागीर. राजर्षी शाहू महाराज जन्माने याच घराण्यातले. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. इंग्रजांनी १८७८ साली आणलेला शस्त्र कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांचा कारभार वेगळा, तिथले नियम आणि नोंदी वेगळ्या. सरदार, मानकरी, शिकारीचे शौकीन यांच्याकडे विलायती हत्यारं असणं हा तेव्हा रुबाबाचा भाग होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. हत्यारं मात्र घराघरांत होती तिथेच राहिली.

दुसरा रस्ता फौजेचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, म्हणजे कागलहून महामार्गाने सरळ खाली. दुसऱ्या महायुद्धात या पलटणी इटलीत लढल्या. शत्रूकडून मिळालेलं छोटं पिस्तूल आठवण म्हणून घरी आणण्याची खोड तेव्हा जगातल्या सगळ्याच फौजांत होती.

खिशातलं पिस्तूल म्हणजे काय?

बेल्जियममधल्या लिएजजवळ एर्स्ताल नावाचं गाव आहे. तिथे १८८९ मध्ये 'फाब्रिक नॅसिओनाल' हा कारखाना निघाला. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने या कारखान्यासाठी १९०० साली ७.६५ मिलिमीटरचं स्वयंचलित पिस्तूल तयार केलं आणि पुढे ६.३५ मिलिमीटरचं त्याहून लहान. हे दुसरं जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर लांब, म्हणजे मोबाइलपेक्षा आखूड. कोटाच्या आतल्या खिशात ते सहज बसायचं. ते दहा लाखांच्या वर विकलं गेलं आणि युरोपातल्या पन्नासेक कारखान्यांना धंद्याची वाट सापडली.

यातले बेल्जियमचे ब्राउनिंग, जर्मनीचे वॉल्थर आणि माउझर, इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचे वेब्ली अँड स्कॉट, इटलीचे बेरेटा हे बडे लोक. पण संग्राहकांना वेड लावतात ते फारसे कुणाला माहीत नसलेले.

त्यांचं माहेर म्हणजे स्पेनमधलं एईबार. हे बास्क प्रांतातलं डोंगरात दडलेलं छोटं गाव. ते समजून घ्यायला कागलच्या माणसाला स्पेनला जायची गरज नाही, शेजारचं हुपरी आठवलं तरी पुरे. हुपरीत जशी घराघरांत चांदी घडते, एक जण तार ओढतो, दुसरा डाग देतो, तिसरा पॉलिश करतो, तसं एईबारमध्ये पिस्तुलाचं. एका घरात नळी, दुसऱ्यात स्प्रिंग, तिसऱ्यात लाकडी मूठ. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला पिस्तुलं कमी पडली तेव्हा गाबिलोंदो या फर्मला 'रुबी' नावाच्या पिस्तुलाची मोठी मागणी आली. एकट्याने ती पुरवता येईना, म्हणून काम आसपासच्या कारखान्यांत वाटलं गेलं आणि बघता बघता कितीतरी नावांची जवळपास सारखीच पिस्तुलं बाजारात आली. गंमत अशी की एकाचं मॅगझीन दुसऱ्यात नीट बसेलच याची खात्री नव्हती. भलभलत्या नावांचं एखादं स्पॅनिश पिस्तूल भारतात सापडतं, त्याचं कारण ही घरगुती कारखानदारी आहे. स्पेनच्या यादवी युद्धानंतर सरकारने पिस्तूल बनवायची मुभा स्टार, अ‍ॅस्ट्रा आणि यामा या तीनच छापांपुरती ठेवली. बाकीचे कारागीर दुसऱ्या कामांकडे वळले. आज सायकलींसाठी ओळखली जाणारी ऑर्बेआ ही कंपनी मुळात एईबारची बंदूकवाली.

चमत्कारिक नमुनेही पुष्कळ. जर्मनीच्या 'लिग्नोझे आइनहांट'मध्ये ट्रिगरभोवतीची कडी बोटाने मागे ओढली की पिस्तूल एका हाताने तयार व्हायचं. फ्रान्सच्या सेंट-एटिएनमधल्या 'ल फ्रांसे'ची नळी बिजागरीवर पुढे झुकायची. आणि ऑस्ट्रियातल्या फ्रान्झ फान्ल या घड्याळजीने १९१४ च्या सुमारास काढलेलं 'कोलिब्री', म्हणजे गुंजन पक्षी, अवघ्या २.७ मिलिमीटरचं. त्याच्या गोळीचं वजन एका ग्रॅमच्या पाचव्या भागाएवढं. त्याने कुणाचं रक्षण झालं असेल हा प्रश्नच आहे, पण आज दुर्मीळ म्हणून त्याला मान मोठा.

नाव खोडलेलं असलं तरी जन्मगाव कळतं

संग्राहक आधी नाव वाचत नाही, शिक्के वाचतो. युरोपातल्या बहुतेक देशांत नवी बंदूक विकण्याआधी सरकारमान्य चाचणीघरात जास्त दारूचं काडतूस उडवून नळी तपासली जायची आणि पास झाली की धातूवर बारीक शिक्का ठोकला जायचा. लंबवर्तुळात 'ईएलजी' अशी अक्षरं दिसली तर लिएज. मुकुटाखाली 'एन' असेल तर जर्मनी. बर्मिंगहॅम आणि लंडनचे शिक्के वेगळे. त्याशिवाय अनुक्रमांक. आणि भारतात विकलेल्या पिस्तुलांवर कधीकधी कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांसारख्या विक्रेत्याचं नाव कोरलेलं असतं. असं नाव असलं की ते हत्यार कायदेशीर दुकानातून आलं होतं याचा धागा मिळतो.

अनुक्रमांक का महत्त्वाचा, याचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या ते बेरेटा, मॉडेल १९३४, क्रमांक ६०६८२४. इटालियन सैन्याचं हे हत्यार नथुराम गोडसेच्या हाती ग्वाल्हेरमध्ये आलं.

वीस ब्राउनिंग आणि नाशिकचं नाट्यगृह

महाराष्ट्राच्या इतिहासात युरोपियन खिशातल्या पिस्तुलाचा सर्वांत मोठा प्रसंग मात्र त्याआधीचा. १९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं भारतात पाठवली. ती आणली इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने, पेटीच्या चोरकप्प्यात दडवून. बंदराच्या झडतीतून एवढी हत्यारं सुटू शकली ती त्यांच्या आकारामुळे. वीस लांब नळीची रिव्हॉल्व्हरं पेटीच्या तळाशी मावली नसती.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग होता. बदली होऊन निघालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा तो कार्यक्रम. अनंत कान्हेरे या कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याने तिथे त्याच्यावर ब्राउनिंगमधून गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत गेला आणि सावरकरांच्या दोन जन्मठेपांपैकी एक या खुनाला मदत केल्याच्या आरोपाखालची होती.

आता मुद्द्याचं: कायदा वय विचारत नाही

आज लागू आहे तो १९५९ चा शस्त्र कायदा. त्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे खरी, आणि अफवेचा उगम तिथेच आहे. पण सूट नीट वाचावी लागते. हत्यार कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडलेलं असावं, आणि शिवाय ते बंदूक म्हणून वापरायचं नसावं किंवा वापरता येण्याजोगं नसावं, दुरुस्ती करूनही नाही. शंभर वर्षांचा आकडा या कलमात कुठेच नाही. तो आला आहे १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यातून. त्या कायद्याचा विषय वेगळा, म्हणजे जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी वगैरे. शस्त्र परवान्याशी त्याचा काही संबंध नाही.

ठासणीची तोडेदार बंदूक आणि ब्राउनिंग यांत इथे फरक पडतो. १९०६ चं पिस्तूल जुनं असलं तरी कालबाह्य नाही. ७.६५ मिलिमीटर म्हणजेच आजचं .३२, आणि या मापाची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. स्प्रिंग बदलून जे पिस्तूल पुन्हा चालेल ते कायद्याच्या नजरेत साधं, चालू पिस्तूल. त्यातही ९ मिलिमीटर, .३८, .४५५ अशी फौज-पोलिसांची मापं निघाली तर प्रकरण आणखी गंभीर, कारण ती नागरिकांना सहसा दिलीच जात नाहीत. पेटीत एकच जिवंत काडतूस असलं तरी त्यालाही परवाना लागतो. आणि घरी बसून दुरुस्ती करायची हौस असेल तर ती आवरावी. बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही वेगळा परवाना आहे.

मग ट्रंक उघडणारा नातू लगेच गुन्हेगार ठरतो का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलं की ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो. माळ्यावर काय आहे हेच माहीत नसेल तर तो ताबा जाणीवपूर्वक ठरत नाही. पण ही ढाल फार वेळ पुरत नाही. फडकं सोडून पाहिलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, की माहीत होतं याचा पुरावा माणसाने स्वतःच तारीख-वेळेसह तयार केलेला असतो.

सापडलं तर काय करायचं?

आधी घोडा ओढून बघायचा नाही. जुन्या पिस्तुलांत नळीत अडकलेलं काडतूस राहून जातं, आणि मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं. मग कागद शोधायचे. आजोबांच्या नावाचा परवाना, नूतनीकरणाचे शिक्के, पोलीस ठाण्यात जमा केल्याची पावती. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारकांकडून हत्यारं जमा करून घेतात, त्यामुळे अशी पावती बऱ्याच घरांत निघते.

परवाना होता आणि परवानाधारक वारले असतील, तर कलम २१ नुसार हत्यार विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं, असं नाही. वारसाला त्यावर परवाना मिळवून ते परत घेता येतं, किंवा परवानाधारकाला विकता येतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी खास तरतूद आहे. परवानाधारक हयात असतानाही, तो सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल तर ते वारसाच्या नावे करता येतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. खरं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं, कारण वाड्याच्या वाटणीत न बोलणारे चुलते पिस्तुलाच्या कागदावर सही करायला तयार होत नाहीत.

परवाना कधीच नव्हता, असं दिसलं तर आधी वकील, मग वकिलासोबत पोलीस ठाणं. घाबरून दूधगंगेत टाकून देणं हा उपाय नाही. नदी आटली की ते कुणाच्या तरी पोराच्या हाती लागतं.

मग संग्रह करायचाच नाही?

युरोप-अमेरिकेत काही लोक एकट्या एईबारची शेकडो पिस्तुलं जमवतात. भारतात ते शक्य नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि वारशाने आलेल्या हत्यारांनाही तीच मर्यादा घातली. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना वर्षभरात ते जमा करावं लागलं. कित्येक घराण्यांत पणजोबांचं की आजोबांचं, कुठलं ठेवायचं, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. सामान्य नागरिकांसाठी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे जी जुनी विदेशी पिस्तुलं देशात आहेत तीच परवानाधारकांच्या हातून हाती फिरतात आणि त्यांच्या किमती युरोपातल्या किमतींच्या कित्येक पट असतात.

कागलकरांसाठी आणखी एक बारकावा. परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेलं असतं. तो महाराष्ट्रापुरता असेल आणि पिस्तूल गाडीत असेल, तर निपाणीला लग्नाला निघालेला माणूस कोगनोळीचा टोलनाका येईपर्यंत परवान्याच्या हद्दीबाहेर गेलेला असतो.