‘सिन्सिअरली युवर्स’ : मनापासून म्हणण्याच्या इंग्रजी शब्दांचा इतिहास



आजचा विषय वरवर पाहता व्याकरणाचा वाटेल. आपण बोलतोय ते मनापासून बोलतोय, हे दाखवण्यासाठी इंग्रजीत काही विशेषणं आणि क्रियाविशेषणं आहेत. सिन्सिअर, ऑनेस्ट, कँडिड, फ्रँक. आणि त्यांच्यापासून झालेली सिन्सिअरली, ऑनेस्टली, फ्रँकली. शिवाय ट्रूली आणि रिअली आहेतच. ही आपण शाळेत पाठ केली, कचेरीत वापरली, आणि आता मोबाइलवर रोज वापरतो. कुणी गेल्याची बातमी येते. आपण ‘हार्टफेल्ट कन्डोलन्सेस’ असं लिहून पाठवतो, आणि क्षणभर मनात येतं की, जे वाटलं ते यात आलं का? हा प्रश्न व्याकरणात मावत नाही. माणसाच्या शब्दावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, हा तो प्रश्न आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही तो अनेक वर्षं निरनिराळ्या नावांनी शिकवला. आज तो शब्दांच्या इतिहासातून पाहू.

आमचं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. खरेपणाचा शब्द दुसऱ्याने आपल्याविषयी वापरला तर ती साक्ष असते. तोच आपण आपल्याविषयी वापरला की तो जामीन होतो, आणि स्वतःला स्वतःच जामीन राहता येत नाही. इंग्रजीतले हे शब्द एकामागून एक झिजत गेले, त्याचं एक मोठं कारण इथे आहे असं आम्हाला वाटतं.

सुरुवात करू जुन्या इंग्रजीपासून, म्हणजे 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्याच्या आधीपासून. तेव्हा सत्याला शब्द होता ‘सूथ’. आपल्या ‘सत्’ आणि ‘सत्य’ या शब्दांचा हा लांबचा भाऊ. दोन्हींचं मूळ ‘असणे’ या अर्थाच्या एकाच धातूत आहे. जे आहे ते सत्य. या भारदस्त शब्दाचं पुढे काय झालं बघा. त्यापासून ‘फरसूथ’ झाला, अर्थ ‘खरोखर’. शेक्सपिअरच्या काळापर्यंत तो थट्टेचा शब्द होऊन बसला होता. मराठीत ‘हा म्हणे मोठा विद्वान!’ यातल्या ‘म्हणे’ला जो सूर आहे, तोच त्याला आला. दुसरीकडे याच ‘सूथ’पासून ‘सूद’ हे क्रियापद झालं. आधी अर्थ होता ‘खरं करून दाखवणे’. मग ‘समोरच्याच्या होला हो करणे’. मग ‘गोंजारणे, शांत करणे’. सत्यापासून निघालेला शब्द सांत्वनापाशी येऊन थांबला, आणि वाटेत खुशामतीच्या गावी मुक्काम करून आला.

नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच आली आणि तिच्याबरोबर खऱ्यासाठी नवा शब्द आला, तो आजचा ‘व्हेरी’. आज आपण त्याचा अर्थ ‘फार’ असा करतो. पण तो मूळचा ‘खरा’ या अर्थाचा आहे, लॅटिन ‘वेरुस’च्या कुळातला. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या सरदाराचं वर्णन करताना हा शब्द वापरला, तो ‘खराखुरा’ या अर्थाने. आजचा वाचक तिथे ‘फार’ असं वाचतो आणि फसतो. पंधराव्या शतकात हा शब्द क्रियाविशेषण म्हणून नुसता जोर द्यायला वापरात आला. खरेपणा गळून गेला, जोर तेवढा उरला.

त्याच्याच घराण्यातला ‘व्हेरिली’ मात्र धर्मग्रंथात टिकून राहिला. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूच्या तोंडी हा शब्द वारंवार येतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तर दोनदा जोडून येतो. मूळ ग्रीक ग्रंथात तिथे शब्द आहे ‘आमेन’, जो हिब्रूतून जसाच्या तसा घेतलेला आहे. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी तिथे ‘खचित’ हा शब्द योजला. आणखी एक गंमत म्हणजे ‘आमेन’ हा शब्द ज्या सेमिटिक धातूपासून आला, त्याच धातूपासून अरबी ‘ईमान’ आला, आणि तो आपल्याकडे ‘इमान’ म्हणून नांदतो आहे. मूळ अर्थ भक्कम असणे, भरवशाचा असणे. म्हणजे ‘इमाने-इतबारे’ म्हणणारा मराठी माणूस आणि प्रार्थनेनंतर ‘आमेन’ म्हणणारा ख्रिस्ती माणूस एकाच मुळाला पाणी घालत असतात.

आता आजचा मुख्य शब्द, ‘सिन्सिअर’. त्याची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. रोमन मूर्तिकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवायचे. जी मूर्ती मेणाशिवाय ती ‘सिने सेरा’, म्हणून सिन्सिअर. गोष्ट छान आहे, पण भाषाशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. लॅटिन ‘सिन्सेरुस’चा अर्थ स्वच्छ, भेसळ नसलेला. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात आला. अमेरिकी समीक्षक लायोनेल ट्रिलिंग यांनी 1970 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत या शब्दाचा मागोवा घेतला. ती 1972 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांनी दाखवलं की, सुरुवातीला हा शब्द वस्तूंना आणि मतांना लागत असे. सिन्सिअर मद्य म्हणजे ज्यात काही मिसळलेलं नाही असं मद्य. 1611 च्याच बायबलमध्ये, पेत्राच्या पत्रात, हे विशेषण चक्क दुधाला लावलेलं आहे! आपण गवळ्याला विचारतो ना, दूध निरं आहे की पाणी घातलंय? तोच अर्थ.

काळ धर्मसुधारणेचा होता. पोपच्या परंपरेने मूळ उपदेशात भेसळ केली, असा आरोप सुधारक करत होते. शुद्ध शिकवण म्हणजे सिन्सिअर शिकवण. मग ती मानणारा माणूस सिन्सिअर. आणि पुढे ज्याच्या बोलण्यात आणि मनात भेसळ नाही तो कुणीही सिन्सिअर. दूध, मग मत, मग माणूस, असा हा प्रवास झाला.

मराठीत असाच प्रवास केलेला एक शब्द आहे, ‘निखालस’. अरबी ‘खालिस’ म्हणजे शुद्ध. निखालस मनाचा माणूस म्हणजे ज्याच्या पोटात एक आणि ओठात एक नसतं तो. पण आज हा शब्द सर्वांत जास्त कुठे ऐकू येतो? ‘निखालस खोटं’ इथे! शुद्धतेचा शब्द खोट्यालाच जोर द्यायला कामी आला. ‘व्हेरी’चं जे झालं, तेच इथेही झालं.

‘ऑनेस्ट’ची कथा वेगळी आहे. हा शब्द मानमरातबाचा, लॅटिन ‘ऑनर’च्या घरातला. आधी अर्थ होता प्रतिष्ठित, अब्रूदार. सतराव्या शतकाच्या आरंभी शेक्सपिअरने ‘ऑथेल्लो’ लिहिलं तेव्हा हा शब्द अब्रू आणि खरेपणा यांच्या मधोमध डगमगत होता. विल्यम एम्पसन यांनी 1951 च्या आपल्या ग्रंथात मोजदाद दिली आहे की, या नाटकात ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ मिळून 52 वेळा येतात. आणि हे विशेषण नाटकभर कुणाला चिकटलेलं असतं? इयागोला, सगळ्यांचा घात करणाऱ्या माणसाला. इथे आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो, तो घेतलाच पाहिजे. इयागोला प्रामाणिक म्हणणारे दुसरेच लोक आहेत. मग दुसऱ्याची साक्ष तरी कुठे भरवशाची? आक्षेप रास्त आहे. दुसऱ्याची साक्ष चुकू शकते. पण ती चुकली हे उघडकीला येऊ शकतं, पाचव्या अंकात येतंही. स्वतःच्या जामिनाला तेवढीही तपासणी नसते.

ही अडचण सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये काही साध्या लोकांनी नेमकी ओळखली. ते क्वेकर पंथाचे लोक. न्यायालयात शपथ घ्यायला ते नकार देत. त्यांचं म्हणणं असं की, ‘आता मी शपथेवर खरं सांगतो’ असं म्हटलं, तर एरवी मी खोटं बोलतो असं कबूल केल्यासारखं होईल. पत्राखाली ‘आपला नम्र सेवक’ असं लिहायलाही त्यांची हरकत होती. सेवक नसताना तसं का म्हणायचं? याबद्दल त्यांनी तुरुंगवास सोसला. शेवटी 1695 च्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी गंभीरपणे प्रतिज्ञापूर्वक सांगण्याची मुभा मिळाली. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात मंत्र्यांना आणि आमदार-खासदारांना ईश्वराची शपथ किंवा ‘सॉलेम्नली’ प्रतिज्ञा, असे दोन पर्याय आहेत. त्यातल्या दुसऱ्या पर्यायामागे ही जुनी भांडणं आहेत. मराठी शपथविधीत ‘गांभीर्यपूर्वक’ आणि ‘शुद्ध बुद्धीने’ हे शब्द ऐकाल, तेव्हा ध्यानात घ्या, तीही क्रियाविशेषणंच आहेत.

क्वेकरांना खटकलेला तो ‘नम्र सेवक’ अठराव्या शतकात सर्रास होता. 1755 मध्ये कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी लॉर्ड चेस्टरफील्डला पत्र लिहिलं. कोशाचं काम चालू असताना मदत नाही, आणि तो पूर्ण होताना स्तुती! या ढोंगाचा त्यांनी तिथे सणसणीत समाचार घेतला. आणि सही कशी? अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक! साच्याचे शब्द इतके पोकळ झाले होते की, त्यांच्या आडून तलवार चालवता येत होती.

पुढे हे सेवकपण मागे पडलं आणि ‘युवर्स फेथफुली’, ‘युवर्स सिन्सिअरली’ उरले. ब्रिटिश रिवाज असा की, ‘सर’ म्हणून सुरुवात केली तर शेवटी फेथफुली, नावाने केली तर सिन्सिअरली. आपल्या सरकारी कचेऱ्यांनी हा भेद आजवर जपला. शासकीय पत्राला फेथफुली, अर्धशासकीय पत्राला सिन्सिअरली. दोन अधिकाऱ्यांचं एकमेकांशी वाकडं असलं तरी अर्धशासकीय पत्राखाली सिन्सिअरली येणारच, कारण तिथे तो शब्द मनाविषयी काही सांगत नाही, पत्राचा प्रकार सांगतो. आणि आपण शाळेत रजेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ लिहिलं, तेव्हा किती आज्ञाधारक होतो ते आपल्या गुरुजींना विचारा!

‘कँडिड’ला मात्र वेगळीच कलाटणी मिळाली. लॅटिन ‘कांदिदुस’ म्हणजे पांढराशुभ्र; रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक पांढरे केलेले झगे घालत, म्हणून ते ‘कँडिडेट’. स्वच्छ मनाचा तो कँडिड. अठराव्या शतकात याचा अर्थ होता, दुसऱ्याविषयी चांगलंच धरून चालणारा. जेन ऑस्टिनच्या 1813 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये मोठ्या बहिणीच्या स्वभावाबद्दल ‘कँडर’ हा शब्द येतो, तो याच अर्थाने. आज ‘कँडिडली सांगतो’ असं कुणी म्हणालं की आपण सावरून बसतो. आता काहीतरी टोचणारं येणार. एके काळी खरेपणात दुसऱ्याविषयीचा सद्भाव धरलेला होता. आता बोलणाऱ्याने मोकळं होणं पुरे झालं. शब्दाचा अर्थ बदलला, एवढंच इथे घडलेलं नाही. खरेपणाची आपली कल्पनाच आकसली.

आता विसाव्या शतकात येऊ. जे. एल. ऑस्टिन यांची 1955 ची हार्वर्ड व्याख्यानं 1962 मध्ये प्रसिद्ध झाली. बोलणं ही सुद्धा कृती असते, हे त्यांनी दाखवलं. ‘मी वचन देतो’ हे वाक्य वचनाची बातमी देत नाही, वचनच देतं. मनात नसताना दिलं तर ते वचन फसवं म्हणावं लागेल, पण दिलं गेलं हे खरंच. पुढे पॉल ग्राइस यांनी सांगितलं की, संभाषण चालतं ते परस्परसहकार्यावर, आणि आपल्याला खोटं वाटतं ते बोलू नये ही त्यातली एक अट असते. म्हणजे खरेपणा प्रत्येक वाक्यात न बोलता गृहीतच असतो. मग ‘ऑनेस्टली’ हा शब्द कशासाठी? जे गृहीत आहे ते मुद्दाम उच्चारलं की ऐकणारा विचार करू लागतो, हे आत्ताच का सांगितलं? दुकानदार न विचारता ‘आईशपथ, ताजा माल आहे’ म्हणाला, तर आपण भाजी उलटून बघतोच.

आपल्या परंपरेतला एक धागा इथे जोडावासा वाटतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा, म्हणजे भरवशाच्या माणसाचा. भाष्यकार वात्स्यायन म्हणतात की, ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ सर्वांना सारखंच लागू आहे. कसोटी माणसाच्या जाणण्याला आणि हेतूला आहे. वाक्यात कोणतं क्रियाविशेषण घातलं, याला नाही. आपला ‘प्रामाणिक’ शब्द ‘प्रमाण’पासूनच आला आहे, हे विसरायला नको.

मग हे शब्द टाकून द्यायचे का? क्वेकरांची वाट सरळ आहे, पण आपल्याला ती झेपेल असं नाही. शिवाय साच्याच्या शब्दांचंही काम असतं. दुःखाच्या घरी काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हा ठरलेले शब्द आपल्याला दारातून आत नेतात. एवढं मात्र करता येईल. ‘हार्टफेल्ट’ लिहून झाल्यावर एक वाक्य असं घालावं, जे त्या गेलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाविषयी लिहिता येणार नाही. त्यांनी एकदा तुमची फी भरली होती, पावसात घरापर्यंत सोडलं होतं, तुमच्या लेखातली चूक न दुखावता दाखवली होती. माफी मागताना ‘सिन्सिअरली सॉरी’ म्हणून थांबू नये. काय चुकलं ते नाव घेऊन सांगावं. अशा वाक्याला क्रियाविशेषणाचा टेकू लागत नाही. ते खरं की खोटं, हे समोरचा माणूस तपासू शकतो, आणि तपासू शकतो म्हणूनच विश्वास ठेवतो.

वेळ होत आला आहे. ‘लिटरली’ या शब्दाविषयी काही जणांनी आधीच विचारून ठेवलं आहे. त्याची गतही ‘व्हेरी’सारखीच होते आहे का, ते प्रश्नोत्तरांत पाहू.