टरेट मोजा : एका चुकीच्या फोटोची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि सुरुवात माझ्याच चुकीनं होणार आहे. वेळ काढून वाचा.

मागच्या पावसाळ्यात शिरूर तालुक्यातले एक निवृत्त नौसैनिक वारले. १९७१ च्या युद्धात ते आयएनएस म्हैसूर या क्रूझरवर होते. घरच्यांकडे जहाजाचा फोटो नव्हता. बातमीला फोटो पाहिजे म्हणून मी मोबाईलवर शोधला आणि एक भारी फोटो सापडला. काळा-पांढरा, खवळलेला समुद्र आणि जहाजाच्या अंगावर गडद-फिकट रंगाचे वेडेवाकडे पट्टे. खाली ओळ टाकली, '१९७१ च्या युद्धातील आयएनएस म्हैसूर'. बातमी छापून आली. घरच्यांनी तोच फोटो दशक्रियेच्या फ्लेक्सवर घेतला.

दोन दिवसांनी भीमेच्या पलीकडून, दौंड तालुक्यातून फोन आला. बोलणारे काकाही जुने नौसैनिक, त्याच जहाजावरचे.

"पत्रकार, तुम्ही छापली ती आमची म्हैसूर नाही. टरेट मोजा."

टरेट म्हणजे तोफा बसवलेलं फिरतं पोलादी घर. मोजले. चार भरले.

"आमच्या म्हैसूरला तीनच होते. आणि असले पट्टे आम्ही कधी मारले नाहीत. सगळी बोट करडी."

वीस वर्षं पत्रकारिता करतोय, पण त्या दिवशी मान खाली गेली. मग बसलो शोधायला. जे सापडलं ते असं की जहाज तेच होतं, काळ चुकला होता.

म्हैसूरचं आधीचं नाव एचएमएस नायजेरिया. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला बांधलेली, १९४० साली ब्रिटिश नौदलात दाखल झालेली क्रूझर. तेव्हा तिला चार टरेट आणि प्रत्येकात तीन, म्हणजे सहा इंची बारा तोफा होत्या. १९५४ साली भारतानं ती विकत घेतली. बर्कनहेडच्या गोदीत मोठी दुरुस्ती झाली आणि २९ ऑगस्ट १९५७ ला ती आयएनएस म्हैसूर झाली. आपल्याकडं आली तेव्हा टरेट तीन, तोफा नऊ. तिपायी डोलकाठ्यांच्या जागी जाळीदार डोलकाठ्या आल्या होत्या. मी छापलेला फोटो त्याआधीचा, दुसऱ्या महायुद्धातला.

आता ते पट्टे. मला वाटायचं, जहाज लपावं म्हणून रंग मारतात. पण एवढं मोठं धूड उघड्या समुद्रात लपणार कुठं? पाणबुडीचा कप्तान पेरिस्कोप काही सेकंदच वर काढतो. तेवढ्यात त्याला ठरवायचं असतं की समोरचं जहाज किती लांब आहे, कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं चाललंय. टॉर्पेडोला पोचायला वेळ लागतो. धावती एसटी पकडायची तर ती आत्ता आहे तिथं नाही, पुढं जिथं येणार तिकडं पळावं लागतं, तसंच हे. गडद-फिकट पट्ट्यांनी जहाजाचा आकार मोडतो, नाक कुठलं आणि शेपूट कुठलं कळत नाही, अंदाज चुकतो. ही युक्ती १९१७ मध्ये नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकारानं पुढं आणली. दुसऱ्या महायुद्धात तिचे नवे प्रकार निघाले.

अशा फोटोंवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हेही तेव्हाच कळलं. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर निळा, हिरवा, करडा सगळे एकाच रांगेत बसतात, त्यामुळे खरा रंग फोटोवरून सांगता येत नाही. शिवाय युद्धात सेन्सॉरवाले रडारचे एरियल फोटोतून खोडून टाकत. म्हणजे जे दिसत नाही ते नव्हतंच, असंही नाही.

नायजेरियाच्या वाट्याला काय आलं तेही सांगतो. ऑगस्ट १९४२ मध्ये उपासमारीच्या टोकाला आलेल्या माल्टा बेटाकडं १४ मालवाहू जहाजं निघाली. त्यांच्या अगदी जवळच्या संरक्षक ताफ्याची ही प्रमुख नौका. १२ ऑगस्टला अक्सम या इटालियन पाणबुडीनं चार टॉर्पेडो सोडले आणि तीन जहाजं जखमी केली. त्यात नायजेरिया एक. तिच्यावरचे पन्नासच्या वर लोक गेले. जहाज कसंबसं जिब्राल्टरला परतलं, पुढं अमेरिकेत दुरुस्त झालं. १४ पैकी पाचच जहाजं माल्टाला पोचली.

हेच पोलाद पुढं आपलं झालं. डिसेंबर १९६१ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आपले नौसैनिक उतरले, तेव्हा म्हैसूर तिथं होती. त्या लढाईत आपले सात नौसैनिक शहीद झाले. १९७१ ला ती पश्चिमी ताफ्याची प्रमुख नौका होती. कराचीवर ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्रं डागली ती निर्घात, निपात, वीर या छोट्या बोटींनी. आणि ९ डिसेंबरला हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीनं आपली खुकरी बुडवली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. काका म्हणाले, "त्या रात्रीनंतर पाण्याकडं बघायची नजरच बदलली." पुढं बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

म्हैसूर २० ऑगस्ट १९८५ ला निवृत्त झाली. आज त्याच नावाची विनाशिका आहे, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली.

माझ्या एका ओळीनं काय केलं बघा. माल्टाच्या वाटेवर मेलेली ती पोरं पुसली गेली आणि आपल्या माणसाच्या वाट्याला त्यानं कधी न पाहिलेलं जहाज आलं. दुरुस्ती छापली. पण ती कोपऱ्यात येते, फ्लेक्स चौकात लागतो. म्हणून घरी जाऊन सांगितलं. मुलगा म्हणाला, "म्हणजे ही आबांची बोट नव्हतीच?"

म्हटलं, "बोट तीच. पण आबा चढले त्याच्या तीस वर्षं आधीची."

काकांकडं १९७१ च्या सुमाराचा एक फोटो होता. तीन टरेट, करडा रंग, डेकवर पोरं उभी. त्याची प्रत काढून त्या घरी नेऊन दिली. आजींनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि डावीकडून चौथ्या पोरावर बोट ठेवलं. काकांना फोन लावून विचारलं. तेच होते.

आपल्याकडं पाणी म्हणजे घोड आणि भीमा. तरी इथली पोरं नौदलात गेली, जातात. तुमच्या घरी कुणाच्या ट्रंकेत असे फोटो असतील, तर माणूस आहे तोवर विचारून घ्या आणि मागं पेन्सिलीनं जहाज, साल, नावं लिहून ठेवा. फोटो माझ्याकडं आणलेत तर छापीन. यावेळी टरेट मोजून.