नुसत्या युरियाने जमीन का थकते? जबलपूरचा अनुभव आणि मृदा आरोग्य पत्रिका

जबलपूर परिसरातील काळ्या जमिनीत पूर्वी ‘हवेली’ पद्धत होती. पावसाळ्यात बांधबंदिस्त शेतात पाणी साठवत आणि ते काढून दिल्यावर रब्बीत गहू किंवा हरभरा घेत. आता सिंचनामुळे त्याच शेतात वर्षाला दोन, काही ठिकाणी तीन पिके घेतली जातात. प्रत्येक पीक जमिनीतून नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त उचलते. युरियातून मात्र फक्त नत्र (४६ टक्के) परत मिळते. बाकीची तूट साचत जाते.

प्रयोग काय सांगतो?
जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात १९७२ पासून सोयाबीन-गहू पिकांवर खतांचा दीर्घकालीन प्रयोग सुरू आहे.
• फक्त नत्र दिलेल्या वाफ्यांत उत्पादन संतुलित खतांच्या तुलनेत बरेच कमी राहिले.
• नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला शेणखत दिल्यावर उत्पादन सर्वांत चांगले आले आणि जमिनीतील सेंद्रिय कर्बही वाढला.

पर्यावरणावरील परिणाम
• पिकाने न उचललेले नत्र नायट्रेटच्या रूपात भूजलात उतरते.
• काही नत्र नायट्रस ऑक्साइड वायू बनून हवेत जाते. तापमानवाढीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे.
• नरवाई (पिकांचे अवशेष) जाळल्याने हवा दूषित होते आणि जमिनीला मिळू शकणारा सेंद्रिय कर्ब वाया जातो.

योजनेचा उपयोग
मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ घटकांची स्थिती आणि पिकानुसार खतांची शिफारस असते. जे जमिनीत पुरेसे आहे त्यावरील खर्च वाचतो. जे कमी आहे तेच द्यावे लागते.

माती नमुना कसा घ्यावा?
१. पीक काढल्यानंतर, पुढील पिकाला खत देण्यापूर्वी नमुना घ्यावा.
२. शेताचे चार कोपरे व मध्यभाग येथे १५ ते २० सें.मी. खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून कडेची माती घ्यावी.
३. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळावा.
४. माती एकत्र मिसळून सुमारे अर्धा किलो नमुना पिशवीत भरावा. नाव, गाव व गट क्रमांक (मध्य प्रदेशात खसरा क्रमांक) लिहावा.

संपर्क : आपल्या भागातील कृषी विस्तार अधिकारी किंवा किसान कॉल सेंटर, निःशुल्क क्रमांक १८००-१८०-१५५१.