चिमणी ठेवली, माणूस काढला

'वारसा' हा शब्द आपल्या घरात कधी कुणी उच्चारला नाही. ज्याच्या बापाच्या नावावर काही असतं त्याला वारसा असतो. वाडा, शेत, तांब्याची भांडी, देव्हारा. आपल्या पणज्याच्या नावावर होती महारकी. ती टाका असं बाबासाहेबांनी सांगितलं आणि आपण टाकली. त्यामुळं शहरातले शिकलेले लोक 'हेरिटेज, हेरिटेज' म्हणून सभा भरवतात तेव्हा आपली पोरं म्हणतात, हे त्यांचं चाललंय, आपला काय संबंध?

मित्रांनो, मी म्हणतो संबंध आहे. जे यादीत चढतं ते उभं राहतं. जे चढत नाही ते एका रात्रीत जमीनदोस्त होतं, आणि वीस वर्षांनी तुम्हांलाच विचारतात, तुम्ही इथं होता याला पुरावा काय?

मी सूतगिरणीतला कामगार. रिंग खात्यात तीन पाळ्यांत फिरतो. इतिहास कॉलेजात शिकलो नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून थोडा वाचला, थोडा आजीकडून ऐकला. आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, तेही रिंग खात्यातच. म्हणून गोष्ट मुंबईची सांगतो, गिरणगावाची.

आधी यादीची गोष्ट. मुंबईत जुन्या इमारती जपण्याचे नियम १९९५ साली आले. सहाशेच्या वर इमारती आणि परिसर त्या यादीत घेतले, त्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशी श्रेणी दिली. २००४ साली बोरीबंदरचं स्टेशन जागतिक वारसा झालं. २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारती झाल्या, एका बाजूला गोथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको. त्यांत राजाबाई टॉवर आहे. हा टॉवर १८७८ साली पुरा झाला तो प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून. प्रेमचंद रायचंद कोण? कापसाचे मोठे दलाल. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. फोर्टातल्या दगडी शोभेत त्या कापसाचा पैसा आहे.

मला त्या इमारतींचा राग नाही. राहाव्यात, शंभर वर्षं राहाव्यात. पण दगड कुणी फोडला, कुणी डोक्यावर वाहिला, ते पाटीवर लिहीत नाहीत. आणि त्याच कापसाचं सूत ज्यांनी काढलं ते राहत कुठं होते, ते तर पाटीपर्यंत पोचतच नाही.

ते राहत होते गिरणगावात. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या सूतगिरणीचा पाया घातला. पुढं परळ, लालबाग, भायखळा, वरळी, डिलाईल रोड सगळीकडं चिमण्या उभ्या राहिल्या. कोकणातून, घाटावरून माणसं आली. एकेका खोलीत दोन-दोन पाळ्यांचे गडी झोपायचे, एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर. १८९६ ला प्लेग आला तेव्हा सरकारला या खोल्यांची आठवण झाली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं बांधल्या त्या बी.आय.टी. चाळी. १९२० साली गव्हर्नर लॉईडच्या वेळी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्यानं बांधल्या त्या बी.डी.डी. चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. एकूण २०७. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास सामाईक. या बांधकामासाठी सरकारनं मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गठडीमागं एक रुपया कर बसवला होता. म्हंजे फोर्टातली शोभाबी कापसाची आणि आमची खोलीबी कापसाची. एक वारसा झाली, दुसरी अडचण झाली.

आता चाळीच्या कौतुकाकडं येतो. नाटका-सिनेमात चाळ म्हंजे एक कुटुंब. गणपती, गोविंदा, गॅलरीतून वाटीभर साखर मागणारी वहिनी. हे खोटं नाही, पण अर्धं आहे. गिरणीत आपल्या माणसाला साचेखात्यात पाऊल ठेवायला बंदी होती. कारण धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आपलं तोंड लावायला दुसरा तयार नव्हता. साच्यावर पगार जास्त. म्हणून जास्त पगाराचं खातं त्यांचं, आपल्याला रिंग खातं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. लाल बावटा हातात, पण धोटा वेगळा! जे गिरणीत तेच वस्तीत. आपल्या लोकांच्या चाळी कुठल्या आणि त्यांच्या कुठल्या, हे पोराटोरांनाबी ठाऊक असायचं.

आणि हे फार जुनं नाही. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बी.डी.डी.त आंबेडकर मैदानावर पँथरची सभा होती. लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारलेला. सभेवर दगड आले आणि दंगल पेटली. १० जानेवारीला परळला मोर्च्यावर वरून पाटा टाकला, त्यात भागवत जाधव हा आपला तरुण गेला. दंगलीच्या चौकशीला भस्मे आयोग नेमावा लागला. आजोबांचा गाळा तेव्हा वरळीलाच. आजी सांगते, "दिवं मालवून बसायचो बाळा. समोरच्या चाळीतल्या बाया रोज नळावर भेटायच्या, त्या आठवड्यात त्यांनी वळख दाखवली न्हाई." हाही चाळीचा इतिहास. उद्या कुणी चाळीचं म्युझियम केलं आणि त्यात स्टोव्ह, पितळी हंडा, भजनाचे टाळ मांडले, तर मी विचारीन, तो पाटा कुठाय?

तरी या चाळींतूनच आपण उठलो हे विसरायचं नाही. परळच्या पोयबावडीला बी.आय.टी. चाळ नंबर एक. खोली ५० आणि ५१. बाबासाहेबांचं बिऱ्हाड वीस-बावीस वर्षं तिथं होतं. १९२० साली 'मूकनायक' निघाला, १९२७ साली महाडचं चवदार तळं पेटलं, तेव्हा रमाईची चूल याच चाळीत पेटत होती. लंडनला बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडचं घर सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. चांगलंच केलं. पण लंडनच्या घरात एक विद्यार्थी राहिला, आणि परळच्या खोल्यांत त्या विद्यार्थ्याचा नेता झाला. आपल्यातल्या किती जणांनी तो जिना चढून पाहिलाय?

आता पाडापाडीची गोष्ट. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही, माणसंच विरत गेली. आजोबा त्यातच विरले. गाळा पोटभाड्याचा होता, तो सुटला, आजी ट्रंक घेऊन गावी आली. पुढं १९९१ साली नियम झाला की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करा. एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. ऐकायला बरं होतं. २००१ साली त्या नियमाला अशी मुरड घातली की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची. शेड पाडून जी जागा निघेल ती वाटणीच्या बाहेर. २००६ साली सुप्रीम कोर्टानं ही मुरड कायम केली. सहाशे एकराच्या आसपासची जमीन, पण शहराच्या आणि कामगाराच्या पदरात त्यातलं फार थोडं पडलं.

आज लोअर परळला मॉलच्या आवारात गिरणीची जुनी चिमणी जपून ठेवलीय. पोरं तिच्यापुढं फोटो काढतात. मी पण जाऊन पाहिली. चिमणी ठेवली, धूर खाणारा काढला. याला जतन म्हणायचं असेल तर वाघ मारून त्याचं कातडं भिंतीला लावणारा शिकारीही जतनच करत होता.

आणि दादरचं आंबेडकर भवन? २५ जून २०१६ ची पहाट. बुलडोझर लावून भवन पाडलं, बुद्धभूषण छापखाना पाडला. बाबासाहेबांच्या चळवळीची पत्रं त्या छापखान्यात छापली जायची. वास्तू मोडकळीला आली म्हणा, नवी बांधायची होती म्हणा, मला त्या भांडणात आज शिरायचं नाही. मी एवढंच पाहतो की त्या पहाटे कुठली यादी, कुठली श्रेणी आडवी आली नाही. पुढच्या महिन्यात आपले लोक हजारोंनी रस्त्यावर आले, पण छापखाना तोवर मातीत गेला होता. मोर्चा भिंत पडल्यावर निघाला. हा धडा घ्यायचा.

मग काय, बी.डी.डी. चाळी पाडू नका म्हणायचं? नाही. इथं मी हेरिटेजवाल्यांशी भांडतो. २०१६ साली म्हाडाकडं पुनर्विकासाचं काम आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या पडल्या. आमच्या नात्यातली एक मावशी त्या चाळींतलीच. नव्या घरात गेल्यावर तिनं पहिलं काय केलं? घरातल्या संडासाचं दार आतून लावलं आणि आत हसत बसली. उभा जन्म रांगेत गेलेला. या बाईला कुणी येऊन म्हणावं की, बाई, तुमची चाळ जिवंत वारसा आहे, ती मोडू नका? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी झोडपलं होतं. ज्याला महारवाड्यात राहावं लागत नाही त्याला खेडं सुंदर दिसतं. तसंच ज्याला सामाईक नळावर पहाटे चारला उठावं लागत नाही त्याला चाळ सुंदर दिसते.

तर मग जपायचं काय? भिंत की माणूस? माझं उत्तर असं. माणूस आधी. तो तिथंच राहिला पाहिजे, त्याच जागी, चांगल्या घरात. जुनी वस्ती 'जिवंत' असते ती तिच्यात राहणाऱ्यांमुळं, हे आता मोठे लोकही कागदावर मानतात. युनेस्कोनं २०११ साली जुन्या शहरांविषयी शिफारस केली, तीत लोकांचे व्यवहार आणि रीतीभाती हाही शहराचा वारसा धरलाय. राहणाऱ्याला दूर कुठं फेकून नुसती कमान उभी ठेवली तर ते मढं सजवणं झालं.

पण माणूस राहिला म्हणून सगळं राहिलं असं नाही. चाळीत तळाला वाचनालय होतं, विहाराची खोली होती, तालीम होती, सभेला मैदान होतं. गॅलरीत उभं राहून हाक मारली की ऐंशी खोल्या खाली यायच्या. चळवळ त्या गॅलरीतून उतरली. टॉवरला लिफ्ट आहे, गॅलरी नाही. चाळीसाव्या मजल्यावरच्या पोराला हाक कशी मारणार? म्हणून मागणी करायची ती घरापाशी थांबवू नका. वाचनालयाला जागा, विहाराला जागा, मैदान खुलं, चौकाचं नाव तेच, आणि जिथं जे घडलं तिथं ते सांगणारी पाटी. पाटीवर १९७४ सुद्धा. पोयबावडीच्या दोन खोल्या तर जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. तिथं माणसं राहतात, त्यांना आधी चांगलं घर मिळालं पाहिजे. बाबासाहेबांच्या नावानं कुणाला बेघर करायचं नाही.

आणि सरकारची वाट पाहू नका. चवदार तळ्याची परवानगी कागदावर होतीच, पाणी आपण जाऊन प्यालो तेव्हा ती खरी झाली. जी चाळ उद्या पडणार आहे तिथं आज जा. कुठल्या खोलीत कोण राहत होतं, कुठल्या गावचं, कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, ते लिहा. म्हाताऱ्यांना बोलतं करा. म्हातारींना आधी, कारण पुढाऱ्यांची भाषणं कुणीतरी लिहून ठेवली, बायांचं कुणी लिहिलं नाही. खिशात मोबाईल आहे, त्यात भरून घ्या. ट्रंकेच्या तळाशी जुनी हँडबिलं, वर्गणीच्या पावत्या, मिरवणुकीचे फोटो असतील, रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही पोचा.

पुढच्या अंकासाठी प्रत्येकानं एवढंच आणायचं. एक चाळ, एक खोली नंबर, आणि त्या खोलीतल्या एका म्हातारीचं बोलणं, तिच्याच शब्दांत. व्याकरण सुधारू नका. यादी आपली आपण करू.

जयभीम.